सावित्रीबाई फुले आणि गंज पेठेंतील तें घर

पुणें शहरांतील गंज पेठेंत, जिला आतां महात्मा फुले पेठ असें नांव आहे, एक जुनें घर जपून ठेविलेलें आहे. त्या घरांत ज्यांनीं संसार केला त्या सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव ज्यांस अक्षरओळख आहे अशा आमच्या सर्व वाचकांस ठाऊक असेलच. जानेवारीच्या ३ तारखेस शाळाशाळांतून त्यांच्या तसबिरीस हार घालितात, आणि मुलींस लिहावयास वाचावयास शिकविणारी बाई म्हणून त्यांचा गौरव करितात. तो गौरव योग्यच आहे. परंतु ह्याच बाईंनीं त्याच घरांत आणखी एक काम केलें, आणि तें भाषणांत फारसें येत नाहीं, कारण तें चारचौघांत बोलावयास लोकांस संकोच वाटतो. आई आपल्या पोटच्या लेंकराचा जीव कां घेते, आणि तसें घडूं नये म्हणून दुसऱ्यांनीं केव्हां काय करावें, ह्या प्रश्नाशीं त्या कामाचा संबंध आहे. त्याच कामाच्या अंगानें त्यांचें चरित्र येथें सांगावयाचें योजिलें आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ता. ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. वडील खंडोजी नेवसे हे गांवचे पाटील. १८४० सालीं, नवव्या वर्षीं, त्यांचें लग्न पुण्याच्या जोतीराव फुले ह्यांच्याशीं झालें. जोतीराव तेव्हां तेरा वर्षांचे होते. लहानपणीं शिरवळच्या बाजारांत एका मिशनरी मनुष्यानें सावित्रीबाईंच्या हातीं एक चित्रांचें पुस्तक दिलें, आणि वाचतां येत नसतांही तें त्यांनीं सासरीं जपून नेलें, अशी एक कथा सांगतात. कथा म्हणूनच ती येथें दिली आहे.

सासरच्या घरीं त्यांस जी माणसें भेटलीं त्यांत सगुणाबाई क्षीरसागर ह्यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जोतीराव तान्हे असतांनाच त्यांची आई चिमणाबाई वारली. त्या आईवेगळ्या पोरास सगुणाबाईंनीं वाढविलें. सगुणाबाई ह्या नात्यांतील एक बालविधवा होत्या, आणि जॉन नांवाच्या एका मिशनरी साहेबांच्या घरीं मुलें सांभाळण्याचें काम त्यांनीं केलें होतें. पुढें ज्या पुरुषानें सबंध महाराष्ट्रास हालवून सोडिलें, तो एका निराधार विधवेच्या मांडीवर वाढला, ही गोष्ट त्या काळीं कोणाच्या ध्यानांतही आली नसेल. विधवेस घरांत जागा मिळाली म्हणून पोर वांचलें. सावित्रीबाईंनीं हें डोळ्यांनीं पाहिलें नसलें, तरी ज्या घरांत तें घडलें त्याच घरांत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या.

जोतीरावांचें शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. आपण शिकावें आणि बायको अडाणी राहावी हें त्यांस मान्य नव्हतें. त्यांनीं सावित्रीबाईंस घरींच शिकविलें. पुढें अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्यांजपाशीं, आणि पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल शाळेंत, त्यांनीं शिक्षकाचें शिक्षण घेतलें. मिस फॅरार ह्या १८२७ सालीं हिंदुस्थानांत आल्या व १८६२ सालीं नगरासच वारल्या. त्या साध्वी स्त्रीच्या कामाचें एक फळ आमच्या मंडळीच्या बाहेर असें वाढलें, ह्याबद्दल आम्हांस देवाचे आभारच मानावेसे वाटतात. येथें एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. सावित्रीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं, आणि जोतीरावांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाच्या त्या आधारस्तंभ होत्या. त्यांस आपल्यांत ओढून घेण्याचा आमचा हेतु नाहीं.

शाळांची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा निघाली. शाळेस जातांना सावित्रीबाईंवर लोकांनीं शेण व चिखल फेंकला. १८४९ सालीं सासऱ्यांनीं दोघांस घराबाहेर काढिलें, तेव्हां उस्मान शेख ह्यांनीं त्यांस आसरा दिला. त्यांच्या घरांतील फातिमाबी ह्याही पुढें शाळेंत शिकवूं लागल्या. ह्या शाळांतील मांग समाजाच्या मुक्ता नांवाच्या लहान मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखावर एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं मिशनच्या ज्ञानोदय पत्रांत छापून आला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज अशाच वस्त्यांतून प्रभूकडे आले, म्हणून ही आठवण येथें ठेविली.

आतां मुख्य विषयाकडे येऊं.

त्या काळीं उच्चवर्णीयांत मुलींचीं लग्नें आठव्या नवव्या वर्षीं होत. नवरा मेला म्हणजे मुलीचें केशवपन करून तिला घराच्या कोपऱ्यांत बसवीत. १८५६ सालीं सरकारनें विधवांच्या पुनर्विवाहास कायद्यानें मोकळीक दिली. १८५७ सालीं आमच्याच बाबा पदमनजींनीं यमुनापर्यटन लिहून विधवांचें दुःख महाराष्ट्रापुढें मांडिलें. पण कायद्यानें आणि पुस्तकानें कोपऱ्यांतील दार एकदम उघडत नसतें. तरुण विधवेस घरांतील किंवा शेजारचा कोणी पुरुष फसवी, तिला दिवस जात, आणि मग तिच्यापुढें तीनच वाटा उरत: गर्भ पाडावयाचें औषध, विहीर, किंवा जन्मलेल्या बालकाचा गळा. फसविणारा पुरुष मात्र दुसऱ्या दिवशीं स्नानसंध्या करून मोकळा.

अशीच एक काशीबाई नांवाची तरुण ब्राह्मण विधवा जोतीरावांचे मित्र गोवंडे ह्यांच्या घरीं स्वयंपाकास होती. ती चांगल्या घराण्यांतील व सुशील होती, असें जोतीरावांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनीं तिच्या मागें लागून तिला फसविलें. दिवस राहिल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिनें गर्भ पाडण्याचीं विषारी औषधें घेतलीं, पण उपयोग झाला नाहीं. नऊ महिने भरले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भीतीनें तिनें त्याला सुरीनें मारून घराच्या मागच्या विहिरींत टाकिलें. दोन दिवसांनीं ती धरली गेली. १८६३ सालीं तिच्यावर पुण्याच्या सेशन कोर्टांत खटला झाला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

न्यायाधीशानें कायद्याप्रमाणें काम केलें, त्याला दोष देतां येत नाहीं. त्या बालकाचा खून झाला होता हें खरेंच आहे. परंतु गोवंड्यांच्या स्वयंपाकघरांत ती बाई नऊ महिने वावरत होती. चूल पेटवीत होती, पाणी भरीत होती, आणि त्या सर्व काळांत तिनें कोणाकडे जावें असें एकही दार पुणें शहरांत नव्हतें. खटला चालविणारें कोर्ट होतें, पकडणारे पोलीस होते, शिक्षा भोगण्यास समुद्रापलीकडे बेट होतें. तिच्या पोटांत मूल वाढत असतां जिच्यापाशीं जाऊन रडावें अशी एक बाई मात्र नव्हती. फुले पतिपत्नींनीं ओळखिलें तें हें.

त्याच वर्षीं त्यांनीं आपल्याच घराच्या आवारांत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिलें. ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर भिंतींस छापील जाहिराती लाविल्या. विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें व सुरक्षितपणें बाळंत व्हावें, मूल बरोबर न्यावें किंवा येथें ठेवावें हें त्यांच्या खुषीवर राहील, आणि ठेविलेल्या मुलाचें संगोपन येथें होईल, असा त्या जाहिरातींचा आशय होता. ह्यांतील खुषीवर ह्या शब्दावर आम्हांस विशेष लक्ष द्यावेसें वाटतें. आधीं पश्चात्ताप कर, आधीं त्या पुरुषाचें नांव सांग, आधीं डोकें भादर, अशी एकही अट तेथें नव्हती. धर्मार्थ काम करणाऱ्या पुष्कळांस मदतीबरोबर उपदेशाची गोळी गिळावयास लाविल्यावांचून चैन पडत नाहीं. आम्ही उपदेशक मंडळीही ह्याला अपवाद नाहीं.

जाहिरात छापणें एक दिवसाचें काम, पण रात्रीं अपरात्रीं दार ठोठावणाऱ्या बाईस आंत घेणें, तिचें बाळंतपण करणें, शेक शेगडी, काढा, बाळाचें न्हाऊं माखूं, हें सर्व सावित्रीबाईंच्या अंगावर पडलें. त्यांस स्वतःस मूलबाळ झालें नव्हतें. ज्या समाजानें त्यांच्या अंगावर शेण फेंकलें होतें, त्याच समाजाच्या लेकींचीं बाळंतपणें त्या माळणीच्या घरांत होऊं लागलीं. खर्च बहुतेक घरचाच होता, आणि जोतीरावांची मिळकत त्यास जेमतेम पुरे.

ह्या कामाचा हिशेब जोतीरावांनीं १८८४ सालीं, मलबारी ह्यांच्या बालविवाह व विधवा ह्यांविषयींच्या टिपणांवर आपलें मत देतांना, लिहून दिला आहे. तो वाचून आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत राहिलों. तोंपर्यंत ३५ विधवा तेथें येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकीं ५ जिवंत होतीं. ३० मरण पावलीं. तीं कां गेलीं ह्याचें कारणही त्यांनीं दिलें आहे. गरोदरपण लपविण्यासाठीं आयांनीं आधींच घेतलेल्या विषारी औषधांनीं त्यांस पोटांतच इजा झाली होती.

दुसऱ्या कोणी असा आंकडा झांकला असता. पस्तीस बायकांस आसरा दिला एवढेंच छापून टाळ्या घेतल्या असत्या. फुल्यांनीं तो उघड मांडिला. त्यांतून दिसतें तें असें कीं, पस्तीसही आयांचा जीव व अब्रू वांचविण्यास तें दार वेळेवर उघडलें, परंतु तीस बालकांच्या बाबतींत आई दारापर्यंत पोंचण्यास उशीर झाला. ती आठव्या नवव्या महिन्यांत, सर्व उपाय थकल्यावर आली. तीच दुसऱ्या तिसऱ्या महिन्यांत आली असती, किंवा तिच्याजवळ कोणी गेलें असतें, तर विष पोटांत गेलेंच नसतें. बालकास मारहाण, उपासमार किंवा हत्या होऊं नये अशी ज्यांस इच्छा आहे, त्यांनीं बालक जन्मण्याच्या आधींपासून आईची विचारपूस केली पाहिजे, हें आज डॉक्टर व समाजसेवक सांगतात. गंज पेठेंतील त्या वहींत तें दीडशे वर्षांपूर्वींच लिहिलेलें होतें.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस ही गोष्ट नवी वाटूं नये. हागारेनें आपलें पोर झुडपाखालीं टाकिलें तें मायेच्या अभावीं नव्हे. मसकेंतील पाणी संपलें होतें, आणि त्याचें मरण तिला पाहवेना. विहीर दिसतांच तीच आई उठून पोरास पाजूं लागली. आणि मोशेच्या वेळीं फारोच्या कन्येनें काय केलें? तिनें तें मूल पाहून जन्मदात्या आईसच दूध पाजण्यास वेतन देऊन ठेविलें. मूलही वांचलें आणि आईची मांडीही रिती झाली नाहीं. आईबापांपासून लेंकरूं तोडून अनाथालयांत नेणें कधीं कधीं भाग पडतें, मिशननेंही दुष्काळांत तें पुष्कळ केलें. पण आईच्या हातीं भाकरी देऊन लेंकरूं तिच्याचजवळ ठेवितां आलें, तर तें अधिक चांगलें असें आमचें मत आहे.

१८७४ सालीं त्या गृहांत आणखी एका ब्राह्मण विधवेनें मुलास जन्म दिला. तिचेंही नांव काशीबाईच होतें, पण पहिली निराळी व ही निराळी. हें मूल फुले पतिपत्नींनीं दत्तक घेतलें व त्याचें नांव यशवंत ठेविलें. १८८७ सालीं केलेल्या मृत्युपत्रांत जोतीरावांनीं यशवंतास आपला वारस नेमिलें आणि सावित्रीबाईंनीं त्यास पोटच्या मुलाप्रमाणें वाढविल्याचें नमूद केलें. पुढें १८७५ सालीं लालशंकर उमियाशंकर ह्यांनीं पंढरपुरास तशाच प्रकारचें गृह काढिलें. पंढरीची वाट परभणी जिल्ह्यास नवी नाहीं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईस लहानपणींच आईबापांपासून दूर पंढरपुरास दामाशेटींच्या घरीं कामास ठेविलें गेलें, अशी परंपरा आहे. तिचें भाग्य कीं तें घर नामदेवांचें निघालें.

१८७६ व १८७७ सालीं दख्खनांत मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या राज्यांतील मराठवाडाही त्यांतून सुटला नाहीं. सावित्रीबाई तेव्हां जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें होत्या. तेथून १८७७ च्या एप्रिलांत त्यांनीं पतीस पत्र लिहिलें. जनावरें पटापट मरत आहेत, माणसें गांवें सोडून चाललीं आहेत, कित्येक जण आपलीं मुलें व म्हातारीं माणसें मागें टाकून जात आहेत, असें त्यांत त्यांनीं कळविलें. सत्यशोधकांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून मुलांस जेवूं घातलें. ज्या घरच्या पोराचें दोन वेळचें पोट भरतें, त्या घरच्या बापास तें पोर वाटेवर सोडून जाण्याचें कारण उरत नाहीं. हें साधें गणित त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या काळांत एका बाईस समजलें होतें.

येथें थोडें आपल्या जिल्ह्याविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. २०१९ ते २०२१ ह्या वर्षांच्या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणींत, वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षाआधीं लग्न झालेल्यांचें प्रमाण परभणी जिल्ह्यांत शंभरांत ४८ निघालें. सबंध महाराष्ट्राचें प्रमाण २२ च्या आसपास होतें. जोतीरावांनीं ज्या बालविवाहावर १८८४ सालीं लिहिलें, तो ब्राह्मणवाड्यांतून उठून आमच्या वस्त्यांत येऊन बसला कीं काय, असें वाटतें. कारण मात्र शास्त्राचें नव्हे, उसाचें आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो. नवराबायकोच्या जोडीस एक कोयता म्हणून मोजतात. वयांत येणाऱ्या मुलीस मागें एकटें कोणाजवळ ठेवावें ही बापास काळजी असते, आणि लग्न करून दिलें म्हणजे काळजी गेली व एक कोयताही झाला. बापास शिव्या देऊन हें थांबणार नाहीं. त्याच्या मुलीस सहा महिने कोठें सुखरूप ठेवितां येईल हें त्यास आश्विनांतच सांगितलें पाहिजे. हंगामी वसतिगृह गांवच्या शाळेंत चालू होणार आहे काय, हें उपदेशकानें मुख्याध्यापकांस आधीं विचारून ठेवावें. गाडी भरल्यावर विचारून उपयोग नाहीं.

आणखी एक नाजूक गोष्ट. अठरा वर्षांच्या आंतील मुलगी गरोदर असल्यास दवाखान्यास २०१२ च्या कायद्यान्वयें पोलिसांस कळवावें लागतें. त्या भीतीनें घरचे लोक तिला दवाखान्यांतच नेत नाहींत, आणि पुन्हां तीच जडीबुटी, तीच रात्र, तीच विहीर. ज्या आईस मूल सांभाळणें खरोखरच अशक्य आहे, तिला तें जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढें रीतसर सोंपवितां येतें. २०१५ च्या कायद्यानें तिला फेरविचारास दोन महिन्यांची मुदत दिली आहे, आणि असें सोंपविणें हा गुन्हा नव्हे. बालकांच्या मदतीसाठीं १०९८ हा फोन विनामूल्य आहे. गांवची आशाताई व अंगणवाडीची बाई गरोदर स्त्रीच्या घरीं जातच असतात. बायबलबाईनें त्यांच्याबरोबर जावें. आणि पंचांनीं अशा मुलीचें नांव मंडळीच्या वहींतून कमी करण्याची घाई करूं नये. जी प्रभुभोजनास येऊं शकत नाहीं ती सल्ला विचारावयास कशी येईल?

आतां उरलेलें चरित्र. १८८८ सालीं जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. दत्तक पुत्राच्या हक्काविषयीं भाऊबंदांनीं प्रेताजवळच तंटा काढिला, तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः टिटवें हातीं धरिलें व त्या पुढें चालल्या. त्या काळीं बाईनें असें करणें म्हणजे केवढें धैर्य, तें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. यशवंत शिकून डॉक्टर झाले. विहिरींत जावयाचें मूल लोकांच्या नाडीवर हात ठेवूं लागलें.

१८९६ च्या अखेरीस मुंबईस प्लेग आला व १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत पसरला. सावित्रीबाईंनीं यशवंतास बोलावून घेतलें आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यांत, वस्तीपासून दूर, प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना घातला. शिवण्यास लोक भीत असलेल्या रोग्यांस त्या स्वतः गोळा करून आणीत. त्या वेळीं त्यांचें वय सहासष्ट वर्षांचें होतें. मुंढव्याच्या गांवकुसाबाहेरील वस्तींत गायकवाड नांवाच्या एका कुटुंबांतील मुलास प्लेगची गांठ आली आहे असें कळतांच त्या तेथें गेल्या, आणि त्या पोरास पाठीवर घेऊन मळ्यांतील दवाखान्यापर्यंत चालत आल्या. त्यांतच त्यांस प्लेगनें गांठलें. ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. पाठीवरून आणलेला तो मुलगा बरा होऊन आपल्या आईबापांकडे परत गेला, असें सांगतात.